हिरव्या टोपणांची गाडी

टायरमध्ये नायट्रोजन भरावा की साधी हवा, या विषयावरून आमच्या घरात अबोला होईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आमच्याकडे वादाला विषय कमी नाहीत. पंखा किती जोरात ठेवायचा, सासूबाईंच्या टीव्हीचा आवाज किती असावा, बाथरूमचा दिवा कुणी चालू ठेवला, हे सगळं वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं. त्यात हवेची भर घालायची काही गरज नव्हती.

झालं असं, की गाडीचे चारही टायर गुळगुळीत झाले आणि नवे घालायला मी दुकानात गेलो. इथे मला माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी विमा कंपनीत दावे तपासतो. म्हणजे एखाद्याच्या दुकानाला आग लागली, तर ती खरंच लागली का, आणि लागली असली तरी आमच्या कंपनीनं ती मनावर घ्यावी का, हे मी ठरवतो. माणसाच्या बोलण्यातली खोट काढण्याचा मला पगार मिळतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुमचा माझ्याबद्दल गैरसमज होण्याचा संभव आहे.

टायर चढवून झाल्यावर टायरवाल्यानं विचारलं, "साधी हवा भरू की नायट्रोजन?"

चहात साखर घालू का, असं विचारावं इतक्या सहज त्यानं विचारलं.

"फरक काय पडतो?" मी माझ्या ऑफिसच्या आवाजात विचारलं. या आवाजानं भले भले दावेदार अडखळतात.

"विमानाच्या चाकात नायट्रोजनच असतो, साहेब."

"माझी गाडी उडत नाही."

"शर्यतीच्या गाड्यांतही तोच."

माझ्या गाडीनं शेवटचं मागे टाकलेलं वाहन म्हणजे रस्त्याच्या कडेला बंद पडलेला टँकर होता.

"आणि साधी हवा भरली तर?"

"तर काय नाही," टायरवाला हात पुसत म्हणाला. "लोक भरतात."

बस. या दोन शब्दांनी घात केला. "लोक भरतात" हे त्यानं अशा सुरात म्हटलं, की लोक म्हणजे कोण ते मला स्पष्ट दिसलं. लोक म्हणजे जे रांगेत मागून धक्का देतात, जे जिन्यात कचरा टाकतात, जे फॉर्मवर चुकीच्या जागी सही करतात. मी आयुष्यभर 'लोक' न होण्याची काळजी घेतलेली. वर माझ्या मागे एक मोठ्या गाडीचा मालक उभा होता. त्यानं आपण होऊन सांगितलं, की आपण नायट्रोजनशिवाय काही वापरतच नाही, आणि मग माझ्या गाडीकडे असं पाहिलं, जसं लग्नाच्या मांडवात आहेर न आणता आलेल्याकडे पाहतात.

"नायट्रोजन," मी म्हणालो.

टायरवाल्यानं चारही चाकांत तो भरला आणि वॉल्व्हवर हिरवी टोपणं बसवली. "हिरवं टोपण दिसलं की आत काय आहे ते कुणीही ओळखतं," तो म्हणाला. "फक्त आता यात साधी हवा घालू नका. भेसळ झाली की मजा गेली."

भेसळ हा शब्द माझ्या मनात घर करून बसला.

आमची ही कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. हे लक्षात घेऊन मी घरी गप्प बसायला हवं होतं. पण नवीन वस्तू घेतलेला माणूस गप्प बसत नाही. जेवायला बसल्यावर मी विषय काढलाच.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, आत्ता तुम्ही नाकानं काय आत घेताय?"

"हवा."

"त्यात नायट्रोजन किती असतो?"

"असेल थोडाफार."

"शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग. म्हणजे साधी हवा भरलेला टायरसुद्धा पाऊण नायट्रोजननंच भरलेला असतो. उरलेल्या पावासाठी तुम्ही हुरळून आलात."

"पण शुद्ध नायट्रोजन झिरपत नाही म्हणे."

"झिरपतो, जरा सावकाश. आणि त्यात ओल नसते, हेही खरं. विमानाला ते उपयोगाचं आहे. आपल्याला महिन्यातून एकदा हवा तपासली की झालं. तुम्ही तपासत नाही, हा प्रश्न आहे. तो नायट्रोजननं कसा सुटेल?"

टीव्हीवरून नजर न काढता सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी सायकलला पंप असायचा. पंप मारणाऱ्याला कुणी विचारत नव्हतं, तू काय भरतोयस म्हणून."

मी पोळी वाढून घेतली आणि या घरात विज्ञानाला किंमत नाही असं मनाशी म्हणालो. विज्ञानच माझ्याविरुद्ध बोलत होतं हे मला तेव्हा सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये वरच्या मजल्यावरचे शेजारी भेटले. हे मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले आहेत. सगळी इमारत त्यांना मायक्रोमीटर म्हणते, अर्थात त्यांच्या माघारी. कुणाची स्कूटर रेषेबाहेर आली तर ते किती बाहेर आली हे टेपनं मोजून सांगतात. त्यांची गाडी आणि माझी गाडी एकाच कंपनीची, एकाच रंगाची. त्यांची धुतलेली असते, एवढ्यावरून ओळखायची.

ते माझ्या चाकापाशी वाकले, हिरवं टोपण पाहिलं आणि सरळ होत म्हणाले, "फसवलं तुम्हाला."

इतरांची फसवणूक पकडण्यात ज्यानं केस पांढरे केले, त्याला सकाळी सकाळी कुणी हे म्हणावं आणि त्यानं ऐकून घ्यावं, हे शक्य नव्हतं. मी विमान सांगितलं, शर्यत सांगितली, ओलावा सांगितला. त्यानं भागेना तेव्हा पदरचं घातलं.

"चालवताना फरक जाणवतो," मी म्हणालो.

"काय जाणवतं?"

"एक प्रकारची स्थिरता."

दुकानापासून घरापर्यंत मला फक्त एक गतिरोधक जाणवला होता. पण शब्द एकदा तोंडातून गेला की तो आपला राहत नाही, आपण त्याचे होतो.

संध्याकाळपर्यंत इमारतीत दोन तट पडले. दुसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, की नायट्रोजन थंड असतो, तेव्हा चांगलाच असणार. तळमजल्यावरच्या आजोबांनी सोसायटीला लेखी विचारलं, की गॅस भरलेली गाडी इमारतीखाली उभी करण्यास परवानगी आहे काय. लेखी म्हटल्यावर आमच्या सेक्रेटरींच्या अंगात बळ संचारतं. ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि निवृत्तीनंतर त्यांना कागदाची उपासमार सोसावी लागते आहे. त्यांनी ताबडतोब खास सभा बोलावली.

ही सभेला आली नाही. तिच्या कॉलेजात प्राचार्यांची जागा निघाली होती आणि ती मुलाखतीच्या तयारीत होती. मागच्या वेळी जागा निघाली तेव्हा सासूबाई दवाखान्यात होत्या, आणि हिनं अर्जच केला नव्हता. जो माणूस त्या खुर्चीवर बसला, त्याला हिनंच प्रयोगशाळेची कुलपं कुठली ते दाखवलं. त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही. पण या वेळी तिनं अर्ज केला तेव्हा सासूबाईंनी दोन दिवस टीव्हीचा आवाज आपण होऊन कमी ठेवला होता. घरात काय चाललंय ते यावरून समजावं.

सभेत माझं आणि मायक्रोमीटरचं पुन्हा जुंपलं. शेवटी त्यांनीच सुचवलं, "गाड्या दोन्ही सारख्या आहेत. माझ्यात साधी हवा, यांच्यात नायट्रोजन. एकाच दिवशी सारखा दाब करू. मग कुणी काही भरायचं नाही. दर रविवारी मोजू. कोण किती उतरतो ते दिसेल."

"आणि मध्येच कुणी गुपचूप भरलं तर?" मी विचारलं. धंद्याची सवय.

"सील करू," सेक्रेटरी म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांत न पाहिलेलं समाधान पसरलं.

अशा रीतीनं आठही चाकांच्या टोपणांवर कागदाच्या पट्ट्या चिकटल्या. त्यांवर सेक्रेटरींची सही, आम्हा दोघांची सही आणि सोसायटीचा गोल शिक्का. मतपेट्यांची सुद्धा इतकी काळजी घेत नसतील. पट्टी फोडायची ती सेक्रेटरी आणि दोन्ही पक्ष हजर असतानाच, असा ठराव झाला. मी त्याला अनुमोदन दिलं. हे अनुमोदन मला पुढे फार जड गेलं.

पहिल्या रविवारी दाब मोजायला मायक्रोमीटरांनी पितळी गेज आणलं, मी नवं आकडेवालं विकत घेतलं आणि सेक्रेटरींनी आपल्या पायपंपावरचं काढून आणलं. तिन्हींनी तीन आकडे दाखवले. मग सरासरी काढायचं ठरलं, म्हणजे प्रत्येक चाक तीन वेळा मोजणं आलं. दर वेळी गेज लावताना आणि काढताना 'फुस्स' असा आवाज व्हायचा. दुसऱ्या रविवारी गर्दी जमली. शेजारच्या इमारतीतले दोघे आपापली गेज घेऊन आले. डॉक्टरीणबाईंनी एकदा लावून पाहिलं, कारण त्यांना दातांवरचा दाब मोजण्याचा अनुभव होता. आणि संशय माझ्या गाडीवर असल्यामुळे माझीच चाकं दोनदोनदा मोजली जात. मायक्रोमीटरांची गाडी म्हणजे साधी हवा. तिच्यात कुणाला रस?

चार रविवारांनंतर माझे टायर त्यांच्यापेक्षा चांगलेच उतरले.

"तुमचा नायट्रोजन चाललाय कुठेतरी," मायक्रोमीटर सौजन्यानं म्हणाले.

मी घरी येऊन हे हिला सांगितलं. ती मुलाखतीच्या टिपणांतून मान वर करून म्हणाली, "चव बघून बघून भांडं रिकामं केलंत, आणि आता म्हणता भांडं गळतंय."

"म्हणजे मोजल्यामुळे?"

"मग काय तर. अहो, मला एक सांगा, मुलाखतीच्या दिवशी गाडी नीट असेल ना? नसेल तर तसं आत्ताच सांगा. मी टॅक्सीनं जाईन."

"मी सोडणार तुला," मी म्हणालो. "आपली गाडी दारात असताना टॅक्सी कशाला?"

ती पुन्हा टिपणांत डोकं घालून बसली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, असा मी त्याचा अर्थ घेतला.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी आम्ही खाली आलो. इस्त्री केलेले कपडे, हातात प्रमाणपत्रांची फाइल, केस नीट बांधलेले, अशी ही उभी राहिली आणि मी गाडीकडे पाहिलं. मागचं डावं चाक बसलं होतं. अगदी जमिनीला टेकलं नव्हतं, पण थकलेल्या माणसानं भिंतीला पाठ लावावी तसं ते फुगून बाजूला पसरलं होतं. आदल्या रविवारी सेक्रेटरींनी आपलं गेज काढताना जरा ओढाताण केली होती, आणि त्यात वॉल्व्हची आतली पिन वाकली असावी. वर पट्टी मात्र अभंग.

"फोडा तो कागद, आणि कोपऱ्यावरच्या पंपावर हवा भरून घ्या," ही म्हणाली.

"असा कसा फोडणार? ठराव आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. वर्गातल्या मुलांना परीक्षानळी फोडल्यावर ही नजर मिळत असावी. मी धावत सेक्रेटरींकडे गेलो. ते तोंडाला साबण लावून उभे होते. दुसरा पक्ष हजर असल्याशिवाय आपण येऊ शकत नाही असं त्यांनी साबणाआडून सांगितलं. दुसरा पक्ष फिरायला गेला होता. तो परत येईपर्यंत मी फाटकात उभा राहिलो, आणि ही गाडीत बसून राहिली.

मायक्रोमीटर आले. वाकून बघितलं. सेक्रेटरीही अर्धी दाढी करून उतरले. विचारविनिमय झाला, आणि पंपावर पट्टी फोडायला सेक्रेटरींनी तोंडी परवानगी दिली.

"साधी हवा भरलीत, तर प्रयोग संपला आणि तुम्ही हरलात," मायक्रोमीटर म्हणाले. "पुन्हा नायट्रोजनच भरलात, तर चर्चा करता येईल."

माणूस कधीकधी स्वतःच्या कानांनी स्वतःला बोलताना ऐकतो आणि तरी थांबत नाही. "नायट्रोजनच भरतो," मी म्हणालो.

गाडी मी अगदी सावकाश बाहेर काढली. कोपऱ्यावरचा पंप आला. हवेचं यंत्र मोकळं होतं, नळी हुकावर लटकत होती, रांगेत कुणी नव्हतं. मी पुढे गेलो.

"का?" हिनं विचारलं.

"इथलं यंत्र बरोबर दाखवत नाही."

ती खिडकीबाहेर बघायला लागली.

पुढच्या पंपावर 'येथे नायट्रोजन मिळेल' अशी पाटी होती आणि पाटीखाली एक कुलूप लावलेली केबिन होती. तिथल्या कर्मचाऱ्यानं सांगितलं, की यंत्र चालवणारा माणूस वेगळा आहे आणि तो रजेवर आहे.

"तुम्ही भरा की."

"मी पेट्रोलवाला. मला त्याला हात लावायची परवानगी नाही."

"परवानगी कोण देतं?"

"मॅनेजर."

"ते कुठे आहेत?"

"तेच तर रजेवर आहेत. त्यांच्या जागी जो बसतो, तो यंत्रवाला."

या वाक्याचा अर्थ लावण्यात मी वेळ घालवला. साधी हवा मात्र इथेही होती, आणि कर्मचाऱ्यानं ती आपण होऊन देऊ केली. मी हिरव्या टोपणाकडे बोट दाखवलं. त्यानं टोपणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गाडीत बसलेल्या हिच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या गाडीकडे निघून गेला.

"किती लांब आहे अजून तो तुमचा नायट्रोजन?" हिनं विचारलं. आवाज शांत होता. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत, त्यामुळे तो शांतपणा कशाचा असतो ते मला माहीत होतं.

"हे काय, पुढच्याच चौकात."

पुढच्या चौकातल्या पंपावर यंत्र चालू होतं आणि यंत्रवाला जागेवर होता. मला वाटलं, सत्याचा विजय झाला. मी घाईनं पट्टी फाडली आणि टोपण काढलं.

"हा नायट्रोजन कुठला?" यंत्रवाल्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"आमच्याकडचा नाही ना? मग आम्ही त्यात वरून भरत नाही. आत काय भेसळ असेल कुणी सांगावं. आधीचा सगळा काढायचा, मग आमचा भरायचा. पाच मिनिटांचं काम."

भेसळ म्हटल्यावर मी बाजूला झालो. त्यानं पिन काढली. उरलासुरला नायट्रोजन फुस्सकन बाहेर पडला आणि हवेतल्या आपल्या अठ्ठ्याहत्तर भागांत जाऊन मिळाला. चाक आता खरोखरच जमिनीला टेकलं. यंत्रवाल्यानं नवी पिन बसवली, नळी हातात घेतली, बटण दाबलं, आणि वीज गेली.

पंपावरचं सगळं एकदम निःशब्द झालं. पेट्रोलचे आकडे विझले, केबिनमधला पंखा मंदावत थांबला.

"येईल," यंत्रवाला म्हणाला.

"कधी?"

"ते काय आपल्या हातात आहे?"

जनरेटर होता, पण तो फक्त पेट्रोलसाठी होता. हवेसाठी नव्हता. साध्या हवेसाठीसुद्धा नाही.

ही गाडीतून उतरली. फाइल छातीशी धरून ती गाडीच्या मागून फिरून आली आणि चाकाकडे बघत राहिली. मी म्हणालो, "स्टेपनी आहे. लावतो लगेच."

"स्टेपनीत काय आहे?"

"साधी हवा."

तिनं मान हलवली. मी डिकी उघडली. वर छत्र्या, जुन्या बाटल्या, सासूबाईंची घडीची खुर्ची आणि कुणाचे तरी बूट. ते काढता काढता मागे एक गाडी येऊन थांबली. धुतलेली. आतून मायक्रोमीटर उतरले.

"तुम्ही इथे?" मी विचारलं.

"काही नाही, आपलं निरीक्षक म्हणून," ते म्हणाले. "वाटेत साधी हवा भरता की काय ते बघायला हवं ना. दोन्ही पंपांवर भरली नाहीत. मानलं तुम्हाला."

माझ्या आयुष्यातला तो पहिलाच जाहीर गौरव असेल. मी हातात बुटांची जोडी घेऊन उभा होतो.

ही माझ्याकडे न बघता त्यांच्यासमोर गेली. "तुमच्या गाडीची किल्ली द्या."

"कशाची?" त्यांनी विचारलं. ऐकू आलं होतं, तरी.

"गाडीची. मला मुलाखतीला जायचंय."

"मी सोडतो ना, वहिनी."

"नको. तुम्ही दोघं इथेच थांबा. मला आता कुणीही सोडायला नकोय."

मायक्रोमीटरांनी ती गाडी आजवर कुणाच्या हातात दिलेली नव्हती. त्यांच्या स्वतःच्या मुलालाही नाही. त्यांनी खिशात हात घातला आणि किल्ली काढून दिली. तिच्याकडे गाडीचा परवाना होता; मी तिला गाडी कधी दिली नव्हती, कारण तिचा क्लच नीट सुटत नाही असं माझं मत होतं. तिनं सीट पुढे घेतली, आरसा आपल्याकडे वळवला, क्लच अगदी नीट सोडला आणि गेली.

आम्ही दोघं ती वळेपर्यंत बघत राहिलो.

"डावीकडचा आरसा पाहिला नाही त्यांनी," मायक्रोमीटर म्हणाले.

"हो."

मी सासूबाईंची घडीची खुर्ची उघडून त्यांना दिली आणि जॅक लावायला घेतला. चाकाचे नट इतके घट्ट होते, की मला एकही हलेना. ते उठून आले, पान्याच्या टोकावर पाय ठेवला आणि म्हणाले, "जोर असा नाही, असा." मग आम्ही दोघं मिळून एकेक नट सोडवायला लागलो.

तिसऱ्या नटाला ते म्हणाले, "एक सांगू का, या रविवारांची मी वाट बघायचो. कारखान्यात दिवसभर लोक यायचे, साहेब हे मोजून द्या, ते मोजून द्या. रिटायर झालो आणि कुणाला काही मोजायचंच नाही. तुमचा नायट्रोजन आला तेव्हा, खरं सांगतो, मला बरं वाटलं."

मी पान्याकडे बघत म्हणालो, "ती स्थिरता मला जाणवली नव्हती."

"ते मला तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "पण तुम्ही इतकं ठासून म्हणालात, की म्हटलं, बघू."

स्टेपनी चढली. आम्ही हात पुसले, म्हणजे काळं एका हाताचं दुसऱ्या हाताला लावलं, आणि त्या अवतारात हिच्या कॉलेजकडे निघालो. फाटकातल्या पहारेकऱ्यानं विचारलं, काय काम आहे. मी म्हणालो, आमची बायको आत आहे. त्यानं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि 'आमची' हा शब्द मी आदरार्थी वापरला होता हे समजावून सांगेपर्यंत माझी उरलीसुरली प्रतिष्ठा खर्ची पडली. त्यानं आम्हाला आत सोडलं नाही. रस्त्यापलीकडे झाडाखाली आम्ही गाडीला टेकून उभे राहिलो. अधूनमधून मायक्रोमीटर स्टेपनीकडे बघत, पण त्यांनी गेज काढलं नाही. ते खिशात होतं, मला दिसत होतं.

मला त्या वेळी नायट्रोजन आठवत नव्हता. मागच्या वेळी तिनं न भरलेला अर्ज आठवत होता. या वेळी अर्ज भरला होता, दवाखाना नव्हता, सासूबाई घरी सुखरूप टीव्ही बघत होत्या, आणि अडथळा म्हणून मी स्वतः जातीनं उभा राहिलो होतो. ती वेळेत पोचली की नाही, हे विचारायला तिथे कुणी नव्हतं.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. चालण्यावरून काही कळेना. आम्हाला बघून ती रस्ता ओलांडून आली.

"पोचलीस वेळेत?" मी विचारलं.

"शेवटी पोचले. माझं नाव पुकारत होते, तेव्हा जिन्यात होते. दम लागलेला. त्यांनी आधी पाणी दिलं." मग ती मायक्रोमीटरांकडे वळली आणि किल्ली परत दिली. "गाडी छान आहे तुमची."

"साधी हवा आहे," ते न राहवून म्हणाले.

"मी बघितलं नाही," ती म्हणाली.

घरी परतताना ती माझ्या शेजारी बसली आणि काही बोलली नाही. तो अबोला पुढे दोन आठवडे टिकला, म्हणजे निवडीचं पत्र येईपर्यंत. पत्र आलं त्या दिवशी सासूबाईंनी टीव्ही बंद केला. आमच्या घरात टीव्ही बंद होतो ते फक्त वीज गेल्यावर, त्यामुळे काय झालंय ते बघायला मी आतून धावत आलो. दोघी एकमेकींच्या शेजारी बसल्या होत्या आणि पत्र सासूबाईंच्या मांडीवर होतं. ही माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, चहा टाका." मी टाकला. इतक्या आनंदानं मी चहा कधी टाकला नव्हता.

प्रयोगाचं म्हणाल, तर सील फुटल्यामुळे सेक्रेटरींनी निकाल अनिर्णित ठेवला आणि पुढील मार्गदर्शनासाठी एक समिती नेमली. तिच्यावर मायक्रोमीटर आहेत. मी नाही. मला कुणी आता विचारलं, की नायट्रोजन भरावा का, तर मी म्हणतो, दुकानदार फुकट देत असला तर नाही म्हणू नये, आणि देत नसला तर वाईट वाटून घेऊ नये. इतकं समंजस मत ऐकायला मात्र कुणी थांबत नाही.

प्राचार्यांना लवकर जावं लागतं आणि उशिरा यावं लागतं, म्हणून गाडी आता तीच नेते. मी बसनं ऑफिसला जातो. बसच्या टायरमध्ये काय असतं ते मी विचारलेलं नाही. परवा सकाळी ती निघताना मी गॅलरीतून बघितलं, तर मागच्या डाव्या चाकाला काळं टोपण होतं, पुढच्या उजव्याला हिरवं, आणि उरलेल्या दोन्हींना टोपणच नव्हतं. संध्याकाळी मी जपून विचारलं, "गाडीत हल्ली कुठली हवा भरतेस?"

ती पर्स खाली ठेवत म्हणाली, "पुरेशी."